वासरझऱ्याची पाळी

हिंजवडीत जिथं हिंदुरावांच्या बापानं उभा जन्म भात लावला, तिथं आता सात मजली काचेची इमारत होती, आणि त्या इमारतीतली माणसं ज्या पाण्यानं हात धुवायची ते पाणी हिंदुरावांच्या टँकरमधून यायचं. चार टँकर होते. २००७ सालचा वैशाख होता, आसपासच्या सगळ्या बोअर घरघर करत होत्या आणि हिंदुरावांचा मोबाईल सकाळपासून कानाला चिकटलेला असे. ड्रायव्हर त्यांना शेठ म्हणत. शेठ ऐकलं की त्यांची मान जरा वर व्हायची, आणि बायको मथुराबाई समोर असली की लगेच खाली यायची.

अशा ऐन धंद्याच्या दिवसांत मागल्या आळीतले धोंडिबा नाना एका सकाळी येऊन बंगल्याच्या पायरीवर बसले. पोर्चमध्ये चार खुर्च्या होत्या, पण नाना खुर्चीत बसत नसत. वय अठ्ठ्याहत्तर, अंगावर मांस म्हणून कुठं नाही, पण चालायला लागले तर पोरं मागं पडत.

"हिंदुराव, औंदा तुझी पाळी हाय," नाना म्हणाले.

"कसली वो नाना?"

"वासरझऱ्याची. इसरलास जनू."

विसरले नव्हते. विसरल्याचं सोंग करून पाहिलं होतं इतकंच.

पूर्वी गावातल्या पाच घरांची गुरं उन्हाळ्याचे दोन महिने मुळशीच्या पलीकडं, भोरकड्याच्या जंगलात चरायला जात. तिथं कातळाच्या पोटातून एक झरा निघतो, तो वासरझरा. पाणी बारीक, पण बारमाही. पावसाळ्यात वाहून आलेला गाळ आणि वर्षभराचा पाला त्यात बसतो, म्हणून पाचातल्या एका घरानं दर वैशाखात जाऊन तो उपसायचा, असा नेम होता. पुढं गुरं गेली, गायरान गेलं, शेती गेली, जंगल राखीव झालं. पाळी मात्र राहिली. एक वर्ष कुणीच गेलं नाही तेव्हा झरा बुजला आणि तहानलेली भेकरं खाली वाड्यांच्या विहिरींत येऊन पडली. तेव्हापासून जंगल खातंही वर्षातून एक दिवस या मंडळींना आत सोडत असे, आणि वर पत्रही पाठवत असे.

हिंदुरावांच्या घराच्या लागोपाठ दोन पाळ्या चुकल्या होत्या. एकदा जमीन संपादनाची गडबड होती. दुसऱ्यांदा, पाच वर्षांपूर्वी, त्यांनी एक ड्रायव्हर आणि दोन मजूर धाडले होते. मजुरांनी झरा चांगला लख्ख केला. दुसऱ्या दिवशी नाना येऊन म्हणाले होते, "मानसं धाडून पाळी व्हत न्हाई. लग्नात नवरदेवाच्या जागी ड्रायव्हर उभा करशील का?" तिसरी पाळी चुकली की घर बाद. मग पाचाची चार घरं.

"करा की बाद," हिंदुराव म्हणाले. "तितं कोन आता वासरं पाजायला चाललंय."

नाना उठून गेले. आणि हिंदुरावांना दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. सातबाऱ्यावरचं नाव गेलं तेव्हा त्याचा चेक तरी आला होता. पाच घरांत आपलं एक घर, ही गोष्ट कुठल्या कागदावर नव्हती, नानांच्या तोंडात होती. तिथून नाव गेलं तर गावात आपण नुसते पाणीवाले उरणार, हे त्यांना बोचत होतं. तिसऱ्या दिवशी ते स्वतःच नानांच्या दारात जाऊन उभे राहिले.

"कवा निघायचं?" त्यांनी विचारलं.

"मी तयारच हाय," नाना म्हणाले. साक्षीला दरवर्षी नानाच जात.

नेमाप्रमाणे घरचा पुरुष, घरची बाई आणि घरातलं सगळ्यांत लहान माणूस एवढ्यांनी जायचं. मुलगा विक्रम कंपनीच्या कामासाठी वर्षभर अमेरिकेत होता. राहिली सून, तनुजा. ती सदाशिव पेठेतली, दोन खोल्यांच्या घरात वाढलेली, आणि सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर होती. म्हणजे काय, असं मथुराबाईंनी लग्नाच्या बोलण्यांत विचारलं होतं. दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका शोधायच्या, असं तिनं सांगितलं. "त्याचा पगार देतात व्हय?" मथुराबाई म्हणाल्या होत्या. "मंग मी तीस वर्सं ह्यांच्याकडं फुकटच राबले की."

रविवारी पहाटे बोलेरो निघाली. पौड मागं पडलं, मुळशीचं आटलेलं धरण उजवीकडं दिसत राहिलं, आणि उन्हं वर आली तेव्हा डांबर संपून जंगलाची चौकी आली. चौकीत वनरक्षक समाधान कांबळे होता. तिशीचा, इस्त्रीचा खाकी गणवेश, बोलणं कमी. त्यानं परवानगीचं पत्र वाचलं, चारी नावांवर खूण केली आणि हिंदुरावांच्या सामानाकडं वळला.

"काका, हे काय?"

"पानी हाय. बिसलेरी. दोन डझन."

समाधाननं खोक्याकडं पाहिलं, मग पत्राकडं पाहिलं. "आपण झऱ्यावरच चाललाय ना?"

तनुजाला हसू आवरेना. मथुराबाईंनी आवरायचा प्रयत्नही केला नाही.

"आवो, झऱ्याचं पानी प्यायला मिळंपत्तर काय करायचं?" हिंदुराव म्हणाले.

"एक एक बाटली घ्या. रिकामी परत आणून मला दाखवायची. वेफर्स इथं ठेवा. मोबाईल बंद." त्यानं पिशव्या चाचपल्या. बांबूच्या दोन पाट्या, नारळाच्या करवंट्या, काथ्या, पितळी तांब्या, भाकरीचं गठुडं. शेवटी हिंदुरावांच्या खांद्यावरची घोंगडी. घोंगडी न्यायचीच असते, तीही नेमातली, म्हणून समाधाननं तिला हात लावला नाही. हिंदुरावांनी हळूच श्वास सोडला. घोंगडीच्या गुंडाळीत टँकरचे टायर काढायची लोखंडी टॉमी होती.

झऱ्याला लोखंड लावायचं नाही, हे पाच घरांतल्या लहान पोरालाही ठाऊक असे. हिंदुरावांनाही होतं. पण पंधरा वर्षं बोअर मारून मारून त्यांची एक खात्री झाली होती, की पाणी जिथं अडतं तिथं लोखंडच घालावं लागतं. नेमाच्या वेळी ते काढायचं नाही, पण अडलं नडलं तर जवळ असावं, असं त्यांनी स्वतःला समजावलं होतं.

तीन तासांची चाल होती. पुढं समाधान, मग नाना, मग दोघी, आणि हिंदुराव मागं. पहिल्या अर्ध्या तासात ते गप्पा मारत होते. दुसऱ्या अर्ध्या तासात ऐकत होते. पुढं त्यांना नुसता आपला श्वास ऐकू यायला लागला. पोट पुढं, घोंगडी मागं, आणि मधे टॉमी प्रत्येक पावलाला बरगडीत बोचत होती. वाळलेल्या गवताच्या उतारावर त्यांचा बूट सरकला आणि ते बसल्याबसल्या पंधरावीस हात खाली गेले. करवंदाच्या जाळीनं त्यांना धरलं.

"लवकर पोचाल की असं," वरून मथुराबाई म्हणाल्या.

"आबा, लागलं का?" तनुजा धावत खाली आली.

"न्हाई गं. वाट बगत व्हतो."

विजारीची शिवण उसवली होती. घोंगडी कमरेला गुंडाळावी तर टॉमी बाहेर पडणार, म्हणून ते उरलेली वाट हात मागं बांधून, एखाद्या पुढाऱ्यासारखे चालले. तनुजानं शेवटी आपली ओढणी काढून दिली. गुलाबी होती. हिंदुरावांनी ती मुकाट्यानं कमरेला बांधली.

जंगल दाट झालं तशी हवा बदलली. अंजन, जांभूळ, हिरडा. उन्हाचे नुसते ठिपके उरले. हिंदुरावांच्या नाकात ओल्या मातीचा वास शिरला आणि त्यांचे पाय आपसूक भरभर पडायला लागले. वाटेचं एक वळण त्यांनी नानांच्या आधी घेतलं. त्यांचं त्यांनाच नवल वाटलं, कारण इथं येऊन पस्तीस वर्षं झाली होती.

वासरझरा दिसायला काहीच नव्हता. एक काळा कातळ, त्याच्या पायाशी एक खाट मावावी एवढं कुंड, आणि त्यात गुडघाभर कुजका पाला. वरच्या थरावर डासांची अळी वळवळत होती. काठच्या चिखलात भेकराच्या खुरांचे ताजे ठसे होते. तनुजानं इतक्या लांबून येऊन हे पाहिलं.

"हेच?" एवढं म्हणाली.

"आता हे न्हाई," नाना म्हणाले. "चार वाजता बगशील ते."

नेम त्यांनी एकदा तिला सांगितला. हातानं आणि करवंटीनं उपसायचं. गाळ झऱ्यापासून लांब नेऊन टाकायचा. कुंड रिकामं झालं की काथ्यानं दगड घासायचे. मग ताजं पाणी भरू द्यायचं, त्यात ज्वारीचे सात दाणे टाकायचे, आणि लहान माणसानं काठावर ताठ उभं राहून मोजायचे. सातही दिसले की पाळी पावली. तोवर कुणी थेंब प्यायचा नाही. चारला परत निघायचं, कारण अंधाराच्या आत चौकीत पोचलं पाहिजे.

"आणि मला सात नाही दिसले तर?" तनुजानं विचारलं.

"तुजी नोकरीच ती हाय न्हवं," नाना म्हणाले. "बग की."

मथुराबाईंनी पदर खोचला आणि कुंडात उतरल्या. तनुजानं जीन्स दुमडली. दोघी पाला उपसून पाट्या भरत होत्या आणि हिंदुराव त्या पाट्या वाहत होते. चाळीस पावलं जायचं, पाटी उलटायची, चाळीस पावलं परत यायचं. पहिल्या दहा पाट्यांनंतर मानेची शीर धरली, वीस पाट्यांनंतर काळं पाणी पाठीवरून ओघळून ओढणीचा गुलाबी रंग गेला. नाना आणि समाधान जांभळाखाली बसून होते. मदत करायची नाही, हाही नेमच.

"किती झाल्या?" हिंदुरावांनी धापा टाकत विचारलं.

"माझ्या हिशोबानं अर्धा टँकर," समाधान म्हणाला.

बारा वाजता कुंडाचा तळ दिसला. काळाशार, गुळगुळीत, आणि मागच्या कातळात हाताच्या रुंदीची एक भेग. तिच्यातून करंगळीएवढी धार यायला हवी होती. येत होते थेंब. मथुराबाईंनी भेगेत हात घालून पाहिलं. आत एक दगड आडवा बसला होता आणि त्याला जांभळाच्या मुळ्यांनी विळखा घातला होता.

"मुळी बोटानं सोडवायला पायजे," त्या म्हणाल्या. "दोन तास जातील. आदी भाकरी खाऊ."

सगळे सावलीत गेले. हिंदुराव म्हणाले, तुम्ही व्हा पुढं, मी हात धुतो. हात धुवायला पाणी कुठं होतं? त्यांनी पाठमोरं होऊन घोंगडी उलगडली. दोन तास म्हणजे अडीच वाजणार, मग भरणार कधी, मोजणार कधी, असं त्यांच्या डोक्यात चाललं होतं. एक दणका, फक्त एक. टॉमीचं टोक त्यांनी दगडाच्या खाली सारलं आणि अंगाचा भार टाकला. दगड हलला, मुळी तुटली, आणि आतून भसकन पाणी आलं. मनगटाएवढं. हिंदुरावांची छाती फुगली. हाक मारायला त्यांनी तोंड उघडलं तेवढ्यात कातळाच्या बुडाशी गुडूप असा आवाज झाला आणि पाणी थांबलं. थेंबही बंद झाले.

त्यांनी भेगेला कान लावला. पाणी आत कुठंतरी खाली, दगडामागून वाहत होतं. दुसरीकडं चाललं होतं.

टॉमी घोंगडीत गेली. हिंदुराव येऊन भाकरीला बसले, पण नजर पुन्हा पुन्हा कुंडाकडं जात होती. मथुराबाईंनी तीस वर्षं हा चेहरा पाहिला होता.

"काय केलंत?" त्यांनी विचारलं.

"काय न्हाई."

मथुराबाई उठून कुंडाकडं गेल्या, आणि तिथूनच त्यांनी नानांना हाक मारली. सगळे जमले. नाना गुडघ्यावर बसून बराच वेळ कोरड्या भेगेकडं पाहत राहिले.

"पंधरा मिनिटांपूर्वी थेंब येत होते," तनुजा म्हणाली. ती कुणाला टोचून बोलत नव्हती, कामाच्या सुरात बोलत होती. "आमच्याकडं चालू असलेलं काही बंद पडलं की आधी एकच विचारतात. शेवटी बदललं काय?"

कुणी हिंदुरावांकडं पाहिलं नाही. म्हणूनच त्यांना ते सहन झालं नाही. ते गेले, घोंगडी आणली आणि टॉमी काढून नानांच्या पुढ्यात ठेवली.

"म्या लोखंड लावलं," ते म्हणाले. पंचावन्न वर्षांचा, चार टँकरचा मालक, सुनेची ओढणी कमरेला बांधून चिखलात उभा होता आणि त्याचे डोळे भरून आले होते. "नाना, म्या घर बाद केलं. सोताच्या हातानं."

समाधाननं टॉमी उचलली आणि आपल्या पिशवीत टाकली. "चौकीत जमा करतो," एवढंच म्हणाला.

नाना चिडतील असं सगळ्यांना वाटलं होतं. ते भेगेत हात घालून चाचपत होते. "पानी गेलं न्हाई," शेवटी म्हणाले. "तू वाट मोकळी केलीस, पन खालची. ते आता दगडाच्या बुडातनं पळतंय. बुड बुजवलं तर मुकाट वर यील."

"कशानं बुजवायचं?"

"वारुळाची माती. तिच्याइतकी चिकट कुटली न्हाई. तू पान्याचा धंदा करतोस आन् मला इचारतोस व्हय?"

सांगणं नेमात बसतं की नाही कुणास ठाऊक, पण नानांनी सांगितलं. हात मात्र लावला नाही. समाधाननं मुंग्यांनी सोडलेलं एक जुनं वारूळ दाखवलं. तनुजानं पाट्या भरून माती आणली. माती भिजवायला पाणी नव्हतं, तेव्हा दिवसभर जपून ठेवलेल्या चारी बाटल्या मथुराबाईंनी एकेक करून त्यात ओतल्या.

"बगा, आली बिसलेरी कामाला," त्या म्हणाल्या आणि पायानं माती तुडवायला लागल्या. लग्नानंतर दहा वर्षं त्यांनी कुडाच्या भिंती लिंपल्या होत्या. बंगल्यात आल्यापासून त्या पायांना काम नव्हतं. तुडवताना त्या गुणगुणत होत्या, आणि तनुजा त्यांच्या शेजारी, बघून बघून, आपलेही पाय घालत होती.

हिंदुराव कुंडात पालथे पडले. हात खांद्यापर्यंत भेगेत गेला, गाल थंड कातळाला टेकला. बोटांना आधी काहीच लागेना. मग एका फटीपाशी गार ओढ लागली, बारीक, सुळसुळीत. पंधरा वर्षांत पाण्याला त्यांनी पाईपातच पाहिलं होतं, हाताला असं कधी भेटलं नव्हतं. त्यांनी मागं हात केला. मथुराबाईंनी त्यावर मातीचा गोळा ठेवला. तो त्यांनी आत नेला, अंगठ्यानं फटीत दाबला, वर चपटा खडा बसवला, पुन्हा माती. ओढ तिथं थांबली आणि बोटभर पलीकडं लागली. तिथं पुन्हा गोळा.

"द्या," ते म्हणत. "आनि द्या."

"बोटं हायत न्हवं जाग्यावर?" मथुराबाई विचारत.

नखं उलटली, खांदा सोलला, मुंग्या चढल्या. दीड तास झाला. एकोणीस गोळे आत गेले, ते तनुजानं मोजले. विसाव्या गोळ्याला हिंदुरावांच्या कोपराला गार लागलं. त्यांना वाटलं घाम. मग मनगटाला लागलं, मग गालाला. पाणी भेगेच्या तोंडाशी येऊन, जरा थबकून, करंगळीएवढ्या धारेनं त्यांच्या हातावरून कुंडात उतरायला लागलं.

ते उठले नाहीत. तसेच पडून राहिले आणि हसायला लागले, मोठमोठ्यानं, पोट कुंडाच्या तळावर आपटत. मथुराबाई, तनुजा, जांभळाखालचा समाधान, सगळेच हसत होते. नाना तेवढे म्हणाले, "आरं ऊट आता. तूच बूच हून बसलाईस."

पहिलं पाणी गढूळ आलं, ते करवंट्यांनी उपसून टाकलं. दुसरं राखी रंगाचं आलं, तेही टाकलं. तिसरं भरू दिलं. चारला दहा मिनिटं कमी असताना कुंड कोपरभर भरलं होतं आणि त्यात जांभळाची पानं हलताना दिसत होती. तनुजानं सकाळच्या कुंडाची आठवण काढायचा प्रयत्न केला आणि तिला ती जुळेना.

मथुराबाईंनी पदराच्या गाठीतून ज्वारीचे सात दाणे काढले. घरची ज्वारी नव्हती, दुकानातली होती, त्याचं त्यांना जरा वाईट वाटत होतं. दाणे त्यांनी पाण्यावर पसरून सोडले. ते डुगडुगत खाली गेले.

"हां पोरी," नाना म्हणाले. "वाकायचं न्हाई. दोनदा मोजायचं. दुसरी मोजनी खरी."

तनुजा काठावर ताठ उभी राहिली. हिंदुराव कुंडाशी उकिडवे बसले होते. सात म्हणून टाक गं बाई, असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं. नानांच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता, समाधान लांब होता, कोण बघणार होतं? आणि लगेच त्यांना स्वतःची शरम वाटली. आजच्या दिवसाला तेवढी एक टॉमी पुरे होती.

"सहा," तनुजा म्हणाली.

"नीट बग गं," मथुराबाई कुजबुजल्या.

"सहाच आहेत, आई. कातळाच्या बाजूला अजून जरा गढूळ आहे." तिचा आवाज रडवेला झाला होता, पण आकडा तिनं बदलला नाही.

हिंदुरावांनी मान हलवली. "बराबर हाय. खरं तेच सांगायचं, पोरी." मग नानांकडं वळले. "म्हंजे घर गेलं आमचं."

"कोन म्हनलं?" नाना म्हणाले. "येत न्हाई त्याचं घर जातं. येऊन कमी पडला त्यानं फुडल्या सालाला परत यायचं, सात दिसंपत्तर. तुझा बाप लागोपाठ तीन सालं आलता."

"ते डोंगराची हौस म्हनून."

"हौस कसली. तू मोजायचास. तीन सालं तुला कवा पाच दिसले, कवा चार. आमी म्हनायचो पोराचे डोळे दाखवा कुनाला तरी. तर तुझा बाप म्हनायचा, पोराला दिसत्यात तेवडेच खरे."

हिंदुरावांना आजही चष्मा नव्हता. त्यांना बाप आठवला, इथंच, याच काठावर बसलेला, आणि परत यायला मिळावं म्हणून आपण दाणे कमी मोजत होतो हे बापाला तेव्हाच ठाऊक होतं, ते पन्नास वर्षांनी त्यांना कळलं.

"पण पुढच्या साली पाळी पाच घरांतल्या पोपटरावांची आहे," समाधान म्हणाला. "त्यांचा चौकीत दोनदा फोन आला होता. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, जमलं तर सूट द्या म्हणत होते."

"मंग उपसायला हिंदुराव आला तर त्यो नुसता नारळ फोडंल," नाना म्हणाले. "चल पोरी, दुसऱ्यांदा मोज. पानी निवळलंय आता."

तनुजा पुन्हा काठावर आली. पाणी खरोखर निवळलं होतं. हिंदुरावांना बसल्या जागेवरूनच दिसलं. कातळाच्या कडेला, त्यांच्या पुढ्यात, सातवा दाणा पडला होता, पांढरा, लख्ख. त्यांनी सोललेला हात सावकाश पाण्यात घातला आणि तळवा त्या दाण्यावर टेकवला.

तनुजानं एक, दोन, तीन असं सहापर्यंत मोजलं. मग तिची नजर त्या हातापाशी येऊन थांबली. तिनंही तो दाणा पाहिला होता.

"आबा," ती हळूच म्हणाली, "हात काढा ना."

"असू दे गं," हिंदुराव म्हणाले. त्यांनी वर पाहिलं नाही. "गार लागतंय."

तनुजा क्षणभर त्या हाताकडं बघत राहिली. उलटलेली नखं, कोपरापर्यंत वारुळाची माती. मग ती ताठ उभी राहिली आणि नानांकडं वळून मोठ्यानं म्हणाली, "सहाच दिसतात, नाना. पुढच्या वैशाखात किती वाजता निघायचं?"